वाट चुकून आलेले श्रोते

ऑक्टोबर १९७२. जपानचा दौरा आटोपून ‘लेड झेपेलिन’ या इंग्लिश रॉक बँडचे दोन म्होरके, गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट, मुंबईत उतरले. इथल्या वादकांना हाताशी धरून आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून पाहावीत, असा त्यांचा बेत होता. तो बेत पार पडला, मात्र ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे लोकांच्या हाती पडायला २०१५ साल उजाडलं. मुंबईतले जुने रॉकवेडे मात्र त्या मुक्कामाची आठवण काढतात ती दुसऱ्याच कारणासाठी. एका रात्री हे दोघे कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्याशा डिस्कोथेकमध्ये शिरले आणि तिथल्याच वादकांची वाद्यं मागून घेऊन त्यांच्यासोबत गाऊ-वाजवू लागले. तिकडे अमेरिकेत हा बँड त्या काळी मोठमोठी सभागृहं भरत होता. इथे समोर होती ती नाचायला, गप्पा मारायला आलेली चार तरुण पोरं. जाहिरात नाही, तिकीट नाही, आज कोण येणार याची कुणाला कुणकुण नाही.

रॉकच्या मैफलीची खरी गंमत अशाच माणसांना कळते. बँडची सगळी गाणी पाठ करून गेलेला चाहता आनंदी होऊन परततो, त्यात नवल काही नाही. नवल घडतं ते लेकीच्या सोबतीला म्हणून गेलेल्या बापाच्या बाबतीत, मित्राचं एक तिकीट उरलं म्हणून ओढत नेलेल्या सहकाऱ्याच्या बाबतीत, रस्त्याने जाता जाता आवाज ऐकून थबकलेल्या माणसाच्या बाबतीत. ‘कसला हा धांगडधिंगा’ असं मनात धरून आत गेलेली ही मंडळी दोन तासांनी बाहेर येतात तेव्हा चेहरे वेगळे असतात. हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आणि असं होण्याची संधी कुणाला मिळते, हेही.

उदाहरणार्थ, छत्तीसगढच्या भिलाईतल्या खुर्सीपारच्या रहिवाशाला ती मिळते का? खुर्सीपार ही पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेली कष्टकऱ्यांची दाट वस्ती. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कामाच्या शोधात देशभरातून माणसं इथे येत राहिली. तेलुगू, उडिया, भोजपुरी, छत्तीसगढी आणि मराठी अशा कितीतरी भाषा इथल्या एका बाजारात कानावर पडतात. मराठी तर या भागाला परकी नाहीच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती.

मोठ्या आवाजाचंही इथे कुणाला नवल नाही. गणपती-दुर्गेच्या मिरवणुकीत दुर्ग-भिलाईपासून नागपूरपर्यंत धुमाल वाजतो: कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक पॅड, ढोल-ताशे आणि गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. धुमाल पुढून गेला की छातीत जे दणकतं ते इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. रॉक मैफलीचं पहिलं रहस्य त्या दणक्यातच आहे.

बास गिटारची सगळ्यात जाड तार छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेत त्या स्वराची एक लहर आठ मीटरहून लांब असते, म्हणजे दोन खोल्यांच्या घरात मावणार नाही एवढी. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला हा स्वर काढताच येत नाही. वरचे सूर ऐकून मेंदू खालच्या सुराचा अंदाज बांधतो आणि आपल्याला वाटतं, आपण बास ऐकला. मैफलीत मंचाच्या पायथ्याशी माणसाच्या उंचीचे सबवूफर ठेवलेले असतात, ते हा स्वर खराखुरा हवेत सोडतात. कानाआधी तो बरगड्यांना कळतो, पायाखालच्या जमिनीला कळतो. वर्षानुवर्षं एखादं गाणं मोबाइलवर ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणारा माणूस तेच गाणं समोर ऐकून चकित होतो, कारण त्या गाण्याचा खालचा अर्धा भाग त्याने आजवर ऐकलेलाच नसतो.

याचा एक सुंदर प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झाला. तिथे शास्त्रज्ञांनी ‘लाइव्हलॅब’ नावाचं सभागृहच उभारलं आहे. मैफल चालू असताना श्रोत्यांच्या हालचाली मोजता याव्यात, हा त्याचा उद्देश. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका खऱ्याखुऱ्या मैफलीत त्यांनी खास स्पीकर लावले, इतक्या खोल स्वरांचे की ते कानांना जाणवू नयेत. दर अडीच मिनिटांनी ते चालू-बंद केले. श्रोत्यांना याचा पत्ताच नव्हता. तरीही ते चालू असताना लोक सरासरी १२ टक्के जास्त हलत, डुलत होते. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. ‘मला नाचता येत नाही’ म्हणत हाताची घडी घालून उभा राहिलेला माणूस अर्ध्या तासाने मान डोलवत असतो तेव्हा त्याच्या निर्धारात काही खोट नसते. शरीराने आपलं आपण ठरवलेलं असतं.

अर्थात नुसता आवाज मोठा असून भागत नाही, तो स्वच्छ हवा. आणि तो स्वच्छ करायला माणसाला बराच काळ लागला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शेय स्टेडियमवर ‘बीटल्स’ला ऐकायला ५५ हजारांहून जास्त लोक जमले, पण गाणी पोचवायला होते ते बेसबॉलच्या सामन्यात घोषणा करायचे भोंगे. किंकाळ्यांत गाणं बुडालं. खुद्द बीटल्सना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. आजच्या मैदानावर मंचाच्या दोन्ही अंगांना स्पीकरच्या लांब माळा टांगलेल्या दिसतात. मैदानाच्या मध्यावर आणखी मनोरे असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरच्या श्रोत्याला मंचावरचा सूर सुमारे ०.२९ सेकंद उशिरा पोचतो. मधल्या मनोऱ्यातून तोच सूर लगेच सोडला तर एकच शब्द दोनदा ऐकू येईल. म्हणून मनोऱ्याचा आवाज तेवढाच मागे धरून ठेवतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला प्रत्येक शब्द नीट कळतो, त्यामागे हे गणित असतं, आणि ते जुळवणारा इंजिनिअर मैदानाच्या मधोमध, गर्दीतच, मिक्सिंग कन्सोलवर बसलेला असतो. श्रोत्यांना त्याचं नाव क्वचितच माहीत होतं. व्हायला हवं.

मुंबईत असे चकित झालेले श्रोते घडवण्याचं काम काही ठिकाणांनी, काही संस्थांनी फार मनापासून केलं. २६ मार्च १९८० ची गोष्ट. स्टिंग, अँडी समर्स आणि स्टुअर्ट कोपलँड या तिघांचा ‘द पोलिस’ हा बँड तेव्हा ऐन भरात होता. आदल्याच वर्षी त्यांची दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली होती. जगाच्या दौऱ्यात त्यांनी मुद्दाम अशी शहरं निवडली, जिथे रॉक बँड सहसा जात नसत. मुंबई त्यांतलं एक, कैरो दुसरं. मुंबईत त्यांचा कार्यक्रम कुणा व्यावसायिक कंपनीने केला नाही. तो केला ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या स्त्रियांच्या सेवाभावी संस्थेने, मदतनिधीसाठी. त्यामुळे बँडचं नाव ऐकून धावत आलेली कॉलेजची पोरं आणि चांगल्या कामाला हातभार लावावा म्हणून आलेली ज्येष्ठ मंडळी एकाच मैफलीत शेजारी शेजारी आली. रॉकला एवढा मिश्र श्रोतृवर्ग एरवी मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा मैफलीला निराळंच तेज चढतं.

धोबी तलावचं रंगभवन हे तर वाट चुकलेल्या श्रोत्यांचं हक्काचं ठिकाण. सेंट झेवियर्स कॉलेजच्या लगतचं हे खुलं नाट्यगृह. १९७८ साली निरंजन झवेरींनी सुरू केलेली ‘जॅझ यात्रा’ इथेच भरली. फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला आणि ‘आय-रॉक’ म्हणजे रंगभवन असं समीकरण पोरांच्या डोक्यात पक्कं झालं. गाव कुठलंही असो, गिटार हाती धरलेल्या प्रत्येक पोराचं स्वप्न एकच होतं: एकदा रंगभवनच्या मंचावर उभं राहायचं. ‘रॉक मशीन’ (पुढे ‘इंडस क्रीड’) सारखे बँड याच पिढीचे. परदेशी गाणी हुबेहूब वाजवून दाखवणं हीच तोवर इथल्या बँडची मोठी मजल मानली जाई; या पिढीने स्वतःची गाणी लिहिली आणि ती श्रोत्यांसमोर उभं राहून वाजवायची हिंमत केली. ती हिंमत पाहूनही कित्येक जण चकित होऊन परतले असतील.

पण खुल्या नाट्यगृहाचा आवाज गल्लीत जायचाच, आणि गल्लीच्या आजूबाजूला कामा आणि जीटी अशी मोठी रुग्णालयं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर तेव्हा शांतता क्षेत्र ठरत असे. २००३ च्या सुमारास रंगभवनमधल्या मैफली थांबल्या. रुग्णाच्या झोपेपुढे गिटारला मागे सरावं लागलं, हे योग्यच झालं. चूक झाली ती पुढे: त्या तोडीचं, त्या भाड्याचं, लोकल स्टेशनपासून चालत जाता येईल असं दुसरं खुलं नाट्यगृह शहराने उभारलं नाही. आता रंगभवनची गल्ली म्हटलं की महाराष्ट्राला २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते. दहशतवादी हल्ल्यात पोलीस अधिकारी करकरे, कामटे आणि साळसकर तिथेच धारातीर्थी पडले. त्याच गल्लीत एकेकाळी संध्याकाळभर ड्रम घुमत असत, हे सांगावं लागतं.

मैफल समोर पाहण्यात आवाजापलीकडेही काही असतं, आणि ते भिलाईकरांना समजावायची गरज पडू नये. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई या पंडवानीच्या, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन सांगण्याच्या कलेच्या, महान गायिका; भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. तेराव्या वर्षी शेजारच्या गावात त्या पहिल्यांदा लोकांसमोर उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या, हेच तेव्हा धाडस होतं. बायकांनी गायलीच तर बसून गायची अशी रीत. उभं राहून, मंचभर फिरत गायची कापालिक शैली पुरुषांची समजली जाई. तीजनबाईंच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचा रथ. मागचे वादक हुंकार देत, बाई डोळे वटारत, आणि महाभारत ठाऊक असलेल्या माणसालाही पुढे काय होणार याची धाकधूक लागे. पंडवानीची कॅसेट ऐकून हे कळत नाही.

१८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाच्या मंचावर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने गिटारचं असंच काही केलं. अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवता वाजवता त्याने त्याच तारांतून बाँब, विमानं आणि किंकाळ्या उभ्या केल्या. देश तेव्हा व्हिएतनामच्या युद्धात होता. चार लाखांच्या आसपास जमलेल्या त्या गर्दीतले बहुतेक लोक तोवर घरी निघून गेले होते. सोमवारची सकाळ होती, कामावर जायचं होतं. चिखलात रेंगाळलेल्या थोड्यांच्या वाट्याला ते वादन आलं.

मैफलीत गाणं दरवेळी नव्याने घडतं, आणि मोडूही शकतं. तार तुटते, गायकाचा आवाज बसतो, ड्रमर एक मात्रा लवकर येतो आणि बाकीचे त्याला सावरून घेतात. तबला आणि गायक यांची समेवरची भेट पाहून दाद देणाऱ्या मराठी रसिकाला हा थरार परका नाही. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडने तर आपला ‘डेझर्ट रेन’ हा संग्रह १ जानेवारी १९९७ रोजी, पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या खुल्या कार्यक्रमात थेट मुद्रित केला. या बँडचा राहुल राम नर्मदा आंदोलनात राहून आलेला; नर्मदेकाठचं लोकगीत त्याने बास गिटारवर आणलं. पुढे २०१० मध्ये ‘पीपली लाइव्ह’ या चित्रपटात त्यांचं गाणं आणि नगीन तन्वीर यांनी गायलेलं छत्तीसगढी गीत एकाच संग्रहात आलं. छत्तीसगढच्या कानाला रॉक इतका जवळून भिडल्याचं दुसरं उदाहरण पटकन सापडणार नाही.

मराठी मातीतही हे घडतं आहे. पुण्याच्या ‘अग्नी’ने कबीर गिटारवर घेतला. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ तर बास गिटार आणि ड्रमच्या साथीने वारकऱ्यांचे अभंग गातो. हरिपाठात वाढलेला माणूस इथे दोनदा चकित होतो: आधी एवढ्या आवाजात अभंग ऐकून, मग त्या आवाजातही शब्द शाबूत राहिलेले पाहून. टाळ-मृदंगाच्या गजरात शेकडो माणसांनी एका ठेक्यावर पावलं टाकायची सवय या समाजाला रॉकच्या कितीतरी आधीपासून आहे.

पुण्यात १९५३ पासून भीमसेन जोशींनी रुजवलेला सवाई गंधर्व महोत्सव भरतो, आणि २०१० मध्ये ‘एनएच ७ वीकेंडर’ हा महोत्सवही तिथेच सुरू झाला. सवाईत एक मंच आणि जाणता श्रोता. वीकेंडरमध्ये एकाच वेळी अनेक मंच. एका मंचाकडून दुसरीकडे जाताना तिसऱ्यावरचा अनोळखी बँड पाय धरून ठेवतो. ही मांडणी फार शहाणपणाची आहे, कारण चकित होणं हे तिच्या नकाशातच आखलेलं असतं.

मोठ्या स्टेडियमवर मात्र वाट चुकायची सोय उरलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम केले. तिकिटं अडीच हजारांपासून सुरू झाली आणि वरचा आकडा ३५ हजारांवर गेला. विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडलं. प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा पट्टा, तो मंचावरून नियंत्रित होणारा, त्यामुळे अख्खं स्टेडियम एका सुरात रंग बदलत होतं. जे गेले ते भारावून परतले. पण चार महिने आधी, तेही एवढे पैसे मोजून, तिकीट मिळवणारा माणूस आधीपासूनच चाहता असतो. ‘बघू तरी काय आहे’ म्हणणाऱ्याला त्या दारातून आत जाता येत नाही. २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला, तेव्हा खुर्सीपारच्या घराघरांतल्या मोबाइलवरही तो पोचू शकत होता. चित्र पोचलं असेल. ती आठ मीटरची लहर पोचली नसेल.

म्हणून छोट्या, स्वस्त आणि खुल्या मैफली हव्यात, आणि त्या भिलाईसारख्या गावांत हव्यात. इथे महात्मा गांधी कला मंदिर आहे, जयंती स्टेडियम आहे, इंजिनिअरिंग कॉलेजांतून गिटार वाजवणारी पोरं आहेत. कायदाही आडवा येत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम आहेच, पण सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. आणि संध्याकाळी सहाला सुरू केली तर मैफल दहाच्या आत सहज संपते.

जो पहिल्यांदाच जाणार आहे त्याच्यासाठी थोडं. कानाची काळजी घ्यावी, यात भित्रेपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींसाठी मर्यादा सांगितली आहे: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. बरेच बँड त्याच्या आसपास असतात. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घातले तरी गाणं नीट ऐकू येतं आणि घरी आल्यावर कान वाजत नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या कानांवर झाकणं हवीतच. स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभं राहू नये. सगळ्यात चांगला आवाज मिक्सिंग कन्सोलच्या आसपास मिळतो, कारण इंजिनिअर तिथूनच तो जुळवत असतो.

आणि वेळेआधी जावं. मुख्य बँडच्या आधी एखादा अनोळखी बँड अर्धा-पाऊण तास वाजवतो, तेव्हा बहुतेक लोक बाहेर वडापाव खात असतात. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत ‘द मंकीज’ या लोकप्रिय बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी जिमी हेंड्रिक्स वाजवत असे. समोरच्या पोरींना मंकीजच हवे होते. त्या मंकीजच्याच नावाने ओरडत राहिल्या, आणि थोड्याच कार्यक्रमांनंतर हेंड्रिक्स तो दौरा सोडून निघून गेला.